युस्टुस फॉन लीबिग : जमिनीत असलेलं आणि पिकाला मिळालेलं



शाळेच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाचा प्रयोग मांडला की कपाटातून एक लांब काचेची नळी हमखास बाहेर निघते. आतल्या नळीतून वाफ जाते आणि बाहेरच्या नळीतून थंड पाणी फिरतं. तिला आपण लायबिग कंडेन्सर म्हणतो. गंमत अशी की ज्यांचं नाव तिला पडलं, त्यांनी ती शोधलेली नाही. ती त्यांच्या जन्माआधीपासून होती, त्यांनी ती घरोघरच्या प्रयोगशाळांत पोहोचवली एवढंच. (जर्मन उच्चार लीबिग असा आहे, म्हणून पुढे तोच ठेवला आहे.)

आज त्यांची ओळख करून घ्यायची आहे ती मात्र वेगळ्या कारणासाठी. वनस्पतींना नत्र, स्फुरद, पालाश लागतात हे आपण वर्गात शिकवतो. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. स्फुरद म्हणजे फॉस्फरस, हेही त्यांना ठाऊक असतं. पण एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारलं, की बाई, मातीत स्फुरद असूनसुद्धा पीक उपाशी राहू शकतं का, तर काय सांगाल? राहू शकतं, आणि ते फार वेळा राहतं. पिकांना खनिजं लागतात हे साऱ्या जगाच्या गळी उतरवणाऱ्या लीबिग यांनाच हे उत्तर फार उशिरा सापडलं, आणि तेही स्वतःच्या नावाचं खत सपशेल फसल्यानंतर.

आपटबार बनवणारा मुलगा

युस्टुसचा जन्म 12 मे 1803 रोजी जर्मनीतल्या डार्मस्टाट गावी झाला. वडील रंग, वार्निश, पॉलिश अशा वस्तू तयार करून विकायचे. घराला लागूनच कामाची जागा होती, त्यामुळे भांडी, भट्टी आणि रसायनांचे वास यातच हा मुलगा वाढला. गावातल्या राजग्रंथालयात रसायनशास्त्राची जी पुस्तकं हाती लागली, ती त्याने वाचून काढली, आणि वाचलेलं घरी करून पाहिलं.

बाजारात येणारा एक फिरता विक्रेता आपटून फुटणारे छोटे फटाके विकायचा. आपली मुलं दिवाळीत आपटबार आपटतात ना, तसलेच. त्यात सिल्व्हर फल्मिनेट नावाचं स्फोटक असतं. त्या विक्रेत्याला पाहून पाहून युस्टुसने ते स्वतः बनवायला सुरुवात केली. पुढे याच पदार्थाने त्याचं नशीब उघडलं. (वर्गात हा भाग सांगाल तेव्हा घरी करून बघू नका ही सूचना जरा दरडावूनच द्या. काही मुलांचे डोळे इथे चमकतात.)

शाळेत मात्र सगळा आनंद होता. ग्रीक-लॅटिनच्या पाठांतरात त्याचं मन रमेना. रसायनशास्त्रज्ञ व्हायचंय असं सांगितल्यावर मास्तरांसह सगळा वर्ग हसला, अशी आठवण सांगितली जाते. मग शेजारच्या हेपेनहाइम गावी एका औषधविक्रेत्याकडे त्याला शिकाऊ म्हणून ठेवलं. तिथे माळ्यावर स्फोट करून घराचं छप्पर उडवल्याने त्याला हाकलून दिलं, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. चरित्रकारांना ती तितकीशी खरी वाटत नाही. वडिलांना शिकाऊपणाचे पैसे भरणं जमलं नाही, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे. मुलांना छप्पराचीच गोष्ट आवडेल, पण दुसरंही सांगावं असं मला वाटतं. आपल्या वर्गातही पैशापायी शिक्षण अडलेली मुलं असतात.

पैशाची ओढाताण होण्याला काळही कारण होता. 1815 साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जणू आलाच नाही. पिकं बुडाली, धान्य महागलं, माणसं अन्नावाचून हिंडू लागली. युस्टुस तेव्हा तेरा वर्षांचा होता. जमिनीतून अन्न कसं येतं आणि कधी येत नाही, या प्रश्नाकडे तो पुढे का वळला असेल याचा विचार करताना ते वर्ष आठवतं.

गीसेनची प्रयोगशाळा

बॉन आणि एर्लांगेन इथे शिकून, सरकारी मदतीवर तो 1822 मध्ये पॅरिसला गेला. तिथे गे-ल्युसॅकसारख्या गुरूच्या हाताखाली त्याने फल्मिनेटवरच काम केलं. ते काम थोर प्रवासी-वैज्ञानिक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या नजरेत भरलं. त्यांच्या शिफारशीवरून 1824 साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, लीबिग फ्रँकफर्टच्या उत्तरेकडच्या गीसेन या छोट्या गावी प्राध्यापक झाले.

विद्यापीठ लहान होतं आणि जागा मिळाली ती जुन्या लष्करी बराकीची चौकी. पण तिथे त्यांनी जे केलं, ते आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं असं आहे. तोवर रसायनशास्त्र म्हणजे प्राध्यापकाने बोलायचं, फार तर एखादा प्रयोग करून दाखवायचा आणि विद्यार्थ्यांनी लांबून बघायचं. लीबिग यांनी विद्यार्थ्यांच्या हातात काच दिली. आधी ठराविक पदार्थांचं पृथक्करण, मग स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचं उत्तर. 1831 साली त्यांनी पाच फुग्यांचं काचेचं एक उपकरण तयार केलं. सेंद्रिय पदार्थात कार्बन किती हे मोजायला आधी मुरलेला माणूस लागायचा. या उपकरणामुळे ते काम साध्या विद्यार्थ्यालाही जमू लागलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही त्या उपकरणाचं चित्र आहे. वास्तुकला शिकायला गीसेनला आलेला केकुले नावाचा तरुण लीबिग यांची व्याख्यानं ऐकून रसायनशास्त्राकडे वळला. बेंझीनचं कडं शिकवताना तो आपल्याला पुन्हा भेटतोच.

इंग्लंडमधूनही विद्यार्थी येत. त्यांतल्या जोसेफ हेन्री गिल्बर्ट याने 1840 मध्ये इथेच डॉक्टरेट मिळवली. हे नाव लक्षात ठेवा.

1840 चं पुस्तक

याच वर्षी लीबिग यांचं शेती आणि शरीरक्रिया यांतल्या सेंद्रिय रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं आणि खळबळ उडाली. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी की झाडं मातीतला काळा कुजका भाग, म्हणजे ह्यूमस, खाऊन वाढतात. लीबिग यांनी हिशेब मांडून दाखवला की झाडातला कार्बन हवेतून येतो आणि मातीतून येतात ती खनिजं. पीक कापून बाजारात नेलं की त्याबरोबर ती खनिजंही शेताबाहेर जातात. परत घातली नाहीत तर जमीन रिकामी होत जाणार.

यातलाच दुसरा विचार म्हणजे न्यूनतमाचा नियम. जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी, तेच पिकाची मर्यादा ठरवतं. बाकीची कितीही ओता, उपयोग नाही. फळ्या कमी-जास्त उंचीच्या असलेल्या पिंपाचं चित्र आपण फळ्यावर काढतो, ते यासाठीच. ते चित्र लीबिग यांचं नव्हे, नंतरचं आहे. आणि नियमसुद्धा कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1828 मध्येच मांडला होता. लीबिग यांचा आवाज मोठा, लेखणी धारदार, म्हणून नाव त्यांचं झालं. श्प्रेंगेलला त्याचं श्रेय द्यायला हवं होतं, असंच म्हणावं लागेल.

आता हाडांकडे येऊ. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असतं. इंग्लंडमधले शेतकरी हाडं दळून शेतात टाकत, आणि त्याला मागणी इतकी की युरोपातून जहाजं भरून हाडं यायची. इंग्लंड लाइपझिग आणि वॉटर्लूच्या रणभूमीवरची हाडंसुद्धा उकरून नेतं, इतर देशांच्या जमिनीचा कस लुटतं, असा जळजळीत आरोप लीबिग यांनी पुढे केला. पण त्या हाडाच्या भुकटीचं एक कोडं होतं. काही शेतांत ती छान लागू पडायची, काही शेतांत वर्षानुवर्षं तशीच पडून राहायची. कारण कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि मुळं तर फक्त विरघळलेलंच घेऊ शकतात. आम्लधर्मी मातीत ते हळूहळू सुटतं, चुनखडीच्या मातीत सुटत नाही.

हाडांवर सल्फ्युरिक आम्ल ओतावं, म्हणजे ती पाण्यात विरघळणारी होतील, हे लीबिग यांनी आपल्या पुस्तकात सुचवलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ नावाचा एक जमीनदार तरुणही तेच प्रयोग करत होता. त्याने 1842 मध्ये पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी लंडनजवळ डेप्टफर्डला कारखाना काढला, आणि सुपरफॉस्फेट हे खत बाजारात आलं. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सिंगल सुपर फॉस्फेटचं पोतं मिळतं ना, त्याचा मूळ पुरुष हाच. लॉझने आपल्या रोथॅमस्टेडच्या शेतावर 1843 पासून प्रयोग सुरू केले आणि मदतीला माणूस घेतला तो गिल्बर्ट. म्हणजे लीबिग यांचाच विद्यार्थी.

फसलेलं खत

गुरूला आता चेल्यापेक्षा चांगलं खत काढायचं होतं. 1845 च्या सुमारास लीबिग यांचं पेटंट खत लिव्हरपूलच्या मस्प्रॅट कंपनीने बाजारात आणलं. नाव मोठं, अपेक्षा त्याहून मोठ्या. पिकाच्या राखेत जी खनिजं सापडतात, ती नेमक्या प्रमाणात या खतात होती. हिशेब चोख.

पण एक भीती लीबिग यांच्या डोक्यात बसली होती. पाण्यात विरघळणारं खत घातलं तर पावसाबरोबर ते वाहून जाईल, खोल जिरून जाईल आणि शेतकऱ्याचे पैसे पाण्यात जातील. म्हणून त्यांनी पालाश आणि फॉस्फेट चुन्याबरोबर भट्टीत वितळवून असं एकजीव केलं, की ते सहजी विरघळू नये. हाडं विरघळवा असं पाचच वर्षांपूर्वी सांगणाऱ्या माणसाने खत विरघळू नये याची तजवीज केली! शिवाय नत्र हवेतून आणि पावसातून पुरेसं मिळतं या समजुतीने त्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

शेतात टाकलेलं खत दिसत होतं, पण पीक काही हलेना. शेतकरी चिडले. रोथॅमस्टेडच्या प्रयोगांनी तर गव्हाला नुसती खनिजं पुरत नाहीत, नत्र लागतंच, हे दाखवून दिलं. गुरू आणि शिष्य यांच्यात पुढे कित्येक वर्षं छापील भांडण चाललं, आणि लीबिग यांची भाषा त्यात नेहमी शोभेशी होती असं नाही. त्यांनी गीसेनजवळ निकृष्ट रेताड जमिनीचा एक तुकडा घेऊन स्वतः शेती करून पाहिली. जमीन सुधारली, पण अगदी सावकाश. का, ते कळेना.

उत्तर दुसरीकडून आलं. हॅरी थॉम्प्सन हा इंग्लंडमधला एक शेतीप्रेमी आणि 1850 मध्ये थॉमस वे हा रसायनशास्त्रज्ञ, या दोघांनी मातीतून क्षारांचं पाणी गाळून पाहिलं. अमोनिया आणि पालाश मातीनेच धरून ठेवलं, खाली आलं ते जवळपास मोकळं पाणी. म्हणजे माती चाळणीसारखी नसते, ती स्वतः धरून ठेवते. लीबिग यांनी ज्या भीतीपोटी खत विरघळेनासं केलं, ती भीतीच मुळात बहुतांशी अनाठायी होती.

1862 मध्ये आपल्या पुस्तकाच्या सातव्या आवृत्तीत त्यांनी हे उघडपणे लिहिलं. निसर्गाची व्यवस्था सुधारायला निघालो आणि चुकलो, असा त्याचा आशय. साठीला टेकलेल्या, जगभर नाव असलेल्या, सरदारकी मिळालेल्या प्राध्यापकाने छापील कबुली देणं सोपं नसतं. त्याला सोळा वर्षं लागली हेही खरं.

मातीतली ओढाताण

इथे जरा थांबून मातीत नेमकं काय घडतं ते पाहू, कारण मुलांचे प्रश्न इथेच येतात.

स्फुरदाच्या बाबतीत तर लीबिग यांची भीती अगदी उलट्या टोकाला चुकीची होती. ते सहज वाहून जात नाही, उलट जागच्या जागी बांधलं जातं. चुनखडीयुक्त मातीत कॅल्शियम त्याला पकडतो, आम्लधर्मी लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम पकडतात. विरघळणारं खत घातलं तरी काही दिवसांत त्यातला बराच भाग असा अडकतो. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारण 10 ते 25 टक्केच येतं. मातीच्या पाण्यात एका वेळी विरघळलेलं स्फुरद तर लीटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. आणि ते हलतही फार हळू. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातलं स्फुरद संपवतं आणि मग पलीकडे भरलेलं कोठार असूनही उपाशी बसतं. मक्याची रोपं खुरटतात, पानांच्या कडा जांभळट होतात, मुळं वाढत नाहीत, पीक उशिरा तयार होतं.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. विदर्भ-मराठवाड्यातली काळी, चुना असलेली जमीन स्फुरदाला कॅल्शियमच्या बेडीत ठेवते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत तेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. म्हणूनच मृदा आरोग्य पत्रिकेवर उपलब्ध स्फुरद असा शब्द असतो. मातीत एकूण किती आहे, हा आकडा तो नव्हे. पालकांपैकी कुणाकडे ती पत्रिका असेल तर मुलांना वर्गात आणायला सांगा, त्यातला उपलब्ध हा एक शब्द समजावायला अख्खा तास लागेल. खताच्या पोत्यावर 10:26:26 असं लिहिलेलं असतं, त्यातला मधला आकडा स्फुरदाचा, तोही फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात.

मग जंगलात कुणी खत न घालता झाडं कशी वाढतात? हा प्रश्न लीबिग यांना पडायला हवा होता, पण त्याचं उत्तर ज्या दिशेला होतं तिकडे ते पाहायलाच तयार नव्हते. सूक्ष्म जिवांबद्दल त्यांना विलक्षण अढी होती. यीस्ट सजीव आहे आणि त्याच्यामुळे साखर आंबते, असं काही शास्त्रज्ञ म्हणू लागले, तेव्हा लीबिग आणि त्यांचे मित्र व्योलर यांनी 1839 मध्ये त्यांची टर उडवणारा निनावी लेख छापला. पुढे पाश्चर यांच्याशीही त्यांचा याच विषयावर दीर्घ वाद झाला. कुजणं, आंबणं हे सगळं निव्वळ रासायनिक विघटन आहे, असं ते धरून बसले. (1897 मध्ये बुखनर यांनी मेलेल्या यीस्टच्या रसानेही साखर आंबवून दाखवली, तेव्हा लीबिग यांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य होतं हे कळलं. पण तो रस बनवायला आधी जिवंत यीस्ट लागतंच.)

मातीतल्या स्फुरदाचं कुलूप उघडणारे हेच जीव आहेत. बॅसिलस आणि स्यूडोमोनास गटातले कित्येक जीवाणू ग्लुकोनिकसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि अडकलेलं फॉस्फेट विरघळवतात. म्हणजे लॉझच्या कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल जे करत होतं, तेच हे जीव चिमूटभर मातीत सौम्यपणे करतात. दुकानात पीएसबी नावाने मिळणारं जिवाणू खत ते हेच. मातीतल्या स्फुरदाचा मोठा भाग, कित्येकदा निम्मा, पालापाचोळा आणि मृत जिवांच्या सेंद्रिय रूपात असतो. तो फॉस्फेटेज या विकरामुळे मोकळा होतो, आणि ते विकर मुळंही सोडतात, सूक्ष्मजीवही.

पण हे जीव काही पिकाचे नोकर नाहीत. त्यांनाही स्वतःच्या पेशींसाठी स्फुरद लागतं आणि हात त्यांचा आधी पोहोचतो. गव्हाचं काड किंवा कडब्याचे तुकडे, ज्यात कार्बन भरपूर आणि स्फुरद नगण्य, असं काही मातीत गाडलं की जीवाणू-बुरशींची संख्या भराभर वाढते आणि त्या मातीतलं उपलब्ध स्फुरद आपल्या अंगात ओढून घेतात. स्फुरदाच्या सुमारे 300 पट किंवा त्याहून जास्त कार्बन असलेला काडीकचरा असला की हे घडतं. 200 पटीच्या खाली असला की उलट स्फुरद मोकळं होतं. पहिल्या प्रकारात पिकाला काही काळ चणचण भासते. नंतर ते जीव मरतात, एकमेकांना खाल्ले जातात आणि तेच स्फुरद हळूहळू मुळांपर्यंत येतं. या सगळ्या काळात ते चुन्याच्या किंवा लोहाच्या तावडीत सापडत नाही, हा फायदाच.

तिसरा गडी म्हणजे मुळांवरची बुरशी. लीबिग वारल्यावर बारा वर्षांनी, 1885 मध्ये, आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मूळ आणि बुरशी यांच्या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. सरकारने त्याला ट्रफल नावाची महागडी अळंबी जोपासता येईल का ते बघायला सांगितलं होतं; अळंबीऐवजी त्याला हे सापडलं. बुरशीचे तंतू मुळाच्या त्या दोन मिलिमीटरच्या उपाशी पट्ट्याच्या कितीतरी पलीकडे जातात, तिथलं स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. बहुसंख्य वनस्पतींची अशी जोडी असते. मोहरी-कोबीच्या कुळात मात्र ती सहसा नसते. आणि गंमत बघा, विरघळणारं स्फुरद सढळ हाताने घातलं की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं आणि मुळांवरची बुरशी घटते.

आपल्या तुरीचं उदाहरणही मुलांना जरूर सांगा. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत झालेलं एक संशोधन 1990 मध्ये प्रसिद्ध झालं. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात, ते लोहाला धरून ठेवतं आणि लोहाने पकडलेलं स्फुरद सुटतं. ज्या लाल मातीत इतर पिकांना ते मिळत नाही, तिथे तूर आपलं पोट भरते. तुरीच्या ओळी आंतरपिकात घेण्याची आपल्याकडची जुनी रीत या दृष्टीने पाहिली तर आणखी शहाणपणाची वाटते.

म्युनिकची वर्षं

1852 मध्ये बव्हेरियाच्या राजाच्या बोलावण्यावरून लीबिग म्युनिकला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. तिथे त्यांनी शिकवणं कमी केलं, लिहिणं वाढवलं. मांसाचा अर्क, तान्ह्या बाळांसाठीचं अन्न असे त्यांचे उद्योग प्रसिद्ध आहेत. त्याबद्दल इथे विस्तार करत नाही.

त्यांना अखेरपर्यंत छळणारा प्रश्न मात्र शहरांच्या गटारांचा होता. गावाकडून धान्य शहरात येतं, त्यातलं स्फुरद माणसांच्या पोटात जातं आणि तिथून गटारात, गटारातून नदीत, नदीतून समुद्रात. शेताकडे परत काही येत नाही. लंडनमध्ये भुयारी गटारांचं मोठं काम चाललं होतं, तेव्हा हे सांडपाणी शेतांकडे वळवा म्हणून त्यांनी 1865 मध्ये तिथल्या लॉर्ड मेयरला लिहिलं. चीन-जपानमधले शेतकरी मैला शेतात परत नेतात म्हणून त्यांची जमीन शतकानुशतकं टिकली, हे उदाहरण ते देत. कार्ल मार्क्स यांनी आपल्या भांडवल या ग्रंथात त्यांच्या याच विचारांचा आधार घेतला. लंडनने मात्र त्यांचं ऐकलं नाही. तोवर पेरूच्या बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजं भरून येत होती आणि फॉस्फेटच्या खाणीही सापडत होत्या. गटारात कोण डोकावणार? आज त्या खाणींचा सर्वांत मोठा साठा मोरोक्कोत आहे, आणि भारत आपल्या गरजेचा बहुतेक खडक-फॉस्फेट बाहेरूनच आणतो.

18 एप्रिल 1873 रोजी म्युनिकमध्ये लीबिग यांचं निधन झालं. गीसेनचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि बराकीतली ती प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे. रोथॅमस्टेडचे प्रयोगही थांबलेले नाहीत. तिथल्या एका शेतात 1901 नंतर खत देणं बंद केलं होतं. त्याआधी घातलेल्या स्फुरदाचा शिल्लक अंश पुढच्या कित्येक दशकांच्या पिकांत दिसत राहिला. अडकलेलं स्फुरद हरवलेलं नसतं, ते हप्त्याहप्त्याने परत मिळतं. फक्त हप्ते पिकाच्या सोयीने येत नाहीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं स्वच्छ करून वाळवा. एक बरणीत पाण्यात ठेवा, दुसरं दुसऱ्या बरणीत व्हिनेगरमध्ये. झाकण लावा, दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याने दोन्ही बाहेर काढून धुवा आणि मुलांना वाकवून बघायला सांगा. पाण्यातलं हाड जसंच्या तसं कडक राहतं. व्हिनेगरमधलं रबरासारखं वाकतं, कारण त्यातली खनिजं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, आम्लात उतरलेली असतात. ज्या घरात हाड चालत नाही, तिथे अंड्याचं कवच घ्या. तेही चालत नसेल तर प्रयोग शाळेतच करा. कवच घेतलंत तर एवढं मात्र मुलांना सांगा, की त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणून बुडबुडे येतात. स्फुरदाची गोष्ट हाडाचीच.

प्रयोग मांडण्यापूर्वी मुलांकडून अंदाज लिहून घ्या : तुम्ही मूळ असता, तर कोणत्या बरणीत पाय सोडला असता, आणि का?